अंगावर पाजताना या चुका टाळा

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ रडायला लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "हिला दूधच येत नाही." मग पावडरचा डबा येतो. 1992 च्या कायद्याने त्याच्या जाहिरातीला बंदी आहे, तरी शेजारपाजारच्या सल्ल्याने तो घराघरांत पोचतो. बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त चीड या घाईची येते.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. पिवळसर, दाट, एका वेळी चमचाभरच. बाळाचं पोटही तेवढंच असतं, आणि या चिकात संसर्गाशी लढणारी प्रतिद्रव्यं असतात, म्हणून तो पिळून टाकू नका. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं, सिझेरियननंतर कधी त्याहून उशिरा. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. बाटलीने पोट भरलं की बाळ ओढत नाही आणि मग दूध खरोखरच आटतं.

एक पहिलटकरीण माहेरहून आठवड्याभराने परत आली. बोंडांना भेगा, उजव्या बाजूला गाठ, बाळ बाटलीशिवाय तोंड लावेना. आईने हळीवाचे लाडू भरपूर खाऊ घातले होते, पण पाजताना शेजारी बसून कुणी पाहिलं नव्हतं. मी पाजायला लावलं. ही बाळावर वाकलेली, बाळाची मान वळलेली, तोंडात नुसतं बोंड. पाठीला भिंत दिली, मांडीवर उशी ठेवली, बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवलं. बोंड बाळाच्या ओठाला लावायचं आणि मोठा आ होईपर्यंत थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नाही, अर्ध्या उघड्या तोंडात कोंबतात. मग बाळाला छातीशी आणलं. हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात गेला. "आता दुखत नाही हो ताई," ती म्हणाली. बाटली सुटायला मात्र बरेच दिवस गेले. तोवर पिळलेलं दूध वाटी-चमच्याने पाजलं.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. मी आधी लंगोट विचारते. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत निदान 6 वेळा लघवी व्हायला हवी. जन्मानंतर थोडं वजन उतरतं, दोन आठवड्यांत ते भरून यायला हवं. लघवी कमी, बाळ मलूल, पाजायला उठवलं तरी उठत नाही, तर लगेच डॉक्टरांकडे जा. त्यांनी तपासून वरचं दूध सांगितलं तर बिनदिक्कत द्या.

मध, गुटी, साखरपाणी नको. पहिले 6 महिने उन्हाळ्यातही वरचं पाणी नको.

घड्याळ लावून पाजू नका.

छाती लाल होऊन ताप आला तर पाजणं थांबवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाळंतिणीचं पाणी तोडू नका, तिला तहान जास्त लागते. आणि सासूबाई, रात्री पाजून झालं की बाळ तुम्ही खांद्यावर घ्या, तिला झोपू द्या.