अतिशीत अणूंचं तापमान: फोटो काढायची घाई आणि इतर चुका

नवा विद्यार्थी अणूंना धरून ठेवणारा ट्रॅप बंद करतो, पसरत जाणाऱ्या अणूंच्या ढगाचा, म्हणजे क्लाउडचा, एक फोटो काढतो (जितका वेगाने पसरतो तितका गरम), त्यावर गाऊसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचा वक्र, बसवतो आणि धावत येतो, ‘सर, ५०० नॅनोकेल्विन!’ माझा प्रश्न ठरलेला: आडव्या दिशेचं की उभ्या?

ही चूक मी स्वतः तीन आठवडे केली आहे. रुबिडियम-८७, लेसरचा ट्रॅप. इव्हॅपोरेशनचा रॅम्प (ट्रॅप हळूहळू कमजोर करून गरम अणू बाहेर सोडणं) संपला की ट्रॅप चालू ठेवून ५० मिलिसेकंद थांबायचं, मग तो बंद करून फोटो. उभ्या दिशेने ४०० नॅनोकेल्विन, आडव्या दिशेने ७००. मी कॅमेऱ्यावर संशय घेतला, चांगली बसलेली लेन्स हलवली. शेवटी कागदावर हिशेब मांडला. घन सेंटिमीटरला एक लाख कोटी अणू, म्हणजे दर अणूला सेकंदाला दहाएक टकरी. समतोलाला साधारण तीन टकरी लागतात, म्हणजे ३०० मिलिसेकंद. गरम अणू खालच्या बाजूने निसटत होते आणि उरलेल्यांना ऊर्जा वाटून घ्यायला मी वेळच देत नव्हतो. लेन्स पुन्हा जागेवर आणण्यात आणखी दोन दिवस गेले, ते वेगळेच.

तेव्हापासूनची सवय: ५०, १००, २००, ४००, ८०० मिलिसेकंद थांबून फोटो. दोन्ही दिशांचे आकडे जुळेपर्यंत वहीत ‘तापमान’ हा शब्द लिहायचा नाही. कंटाळवाणं आहे, पण उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधून लग्न लागत नाही.

थांबलं की सगळं जुळतंच, असंही नाही. २००६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड वाइस यांच्या गटाने रुबिडियम अणू एकमितीय नळ्यांत झुलवले. हजारो टकरींनंतरही ते समतोलाला आले नाहीत. एकाच स्पिनच्या (अणूची आतली चुंबकीय अवस्था) पोटॅशियम-४० ला इतक्या थंडीत टकराच जवळजवळ होत नाहीत. दुसरी स्पिन अवस्था मिसळा, नाहीतर वर्षभर वाट बघा.

कंडेन्सेट (सगळ्यात कमी ऊर्जेच्या एकाच अवस्थेत जमलेले अणू) दिसत असताना सगळ्या क्लाउडला एकच गाऊसियन बसवू नका. तापमान कडेच्या पसरट भागात असतं, मधल्या टोकात नाही.

एका फोटोवर विसंबू नका. सुरुवातीचा आकार वजा व्हायला हवा, म्हणून ट्रॅप बंद केल्यानंतरच्या वेगवेगळ्या वेळांचे पाच-सहा फोटो घ्या आणि रुंदीचा वर्ग वेळेच्या वर्गासमोर मांडा; तापमान त्या रेषेच्या उतारातून काढा.

फोटो म्हणजे लेसरच्या उजेडात पडलेली क्लाउडची सावली; तिचा मधला भाग फारच काळा आला, तर शिखर चपटं होतं आणि क्लाउड उगाच गरम दिसतो.

मॅग्निफिकेशन लेन्सच्या डब्यावरून घेऊ नका. अणू मोकळे सोडा. २० मिलिसेकंदांत ते जवळजवळ २ मिलिमीटर खाली यायलाच हवेत. नाही आले, तर एकतर पिक्सेलचा हिशेब चुकलाय, नाहीतर चुंबकीय क्षेत्राची कुठलीतरी कॉइल पूर्ण बंद झालेली नाही.