अंतर कुठून मोजायचं, ते नियमात लिहून घ्या

‘ओढ्यापासून 15 मीटर अंतर सोडावे.’ आमच्याकडच्या जमीनवापर नियमावलीत एवढंच वाक्य होतं. बांधकाम करणाऱ्याने ते पात्राच्या मध्यापासून मोजलं. पात्रच 20 मीटर रुंद, म्हणजे काठाला उरले पाच मीटर. वाळुंजाच्या मुळांनी धरून ठेवलेली दरड पोकलेनने एका दुपारी सपाट केली. मी टेप घेऊन तिथेच उभी होते, पण नियम मोडला असं म्हणायला मला जागाच नव्हती.

म्हणून नियमावलीचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला की आधी त्यातलं प्रत्येक अंतर शोधा आणि ते कुठून मोजायचं हे लिहून मागा. ओढ्यासाठी दरडीचा माथा धरा. अमेरिकेत मेरीलँड राज्याने 1984 साली चेसापीक उपसागरासाठी कायदा केला. त्यातला किमान 100 फुटांचा राखीव पट्टा भरतीच्या पाण्याची सरासरी उच्च रेषा, उपनद्यांचे काठ आणि खाजणांची कड यांपासून मोजतात. मोजणीची सुरुवात अशी ठरलेली असली की वादाला फारसं काही उरत नाही.

झाडांचंही तसंच. ‘झाडांना इजा होऊ नये’ हे वाक्य कुणालाच बांधत नाही. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा आणि दर सेंटिमीटरमागे 12 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ सोडायचं, असा ठोकताळा वृक्षतज्ज्ञ वापरतात. खोड 50 सेंटिमीटरचं असेल तर चहूबाजूंनी सहा मीटर. बहुतेक मुळं वरच्या हातभर मातीत पसरलेली असतात. तिथे नुसता मुरूम टाकून रोलर फिरवला तरी झाड काही वर्षांत वाळू शकतं. या वर्तुळाभोवती कुंपण खोदकामाच्या आधी घालायचं, हेही नियमात हवं.

सगळ्यात जास्त हाल गवताळ माळाचे होतात. नकाशात तो ‘पडीक’ म्हणून रंगवलेला असतो आणि उन्हाळ्यात पाहणी केली तर कुणालाही ओसाडच वाटतो. पावसाळा सरताना जा, फुलावर आलेली गवतं, कंद, झुडपं टिपा, फोटोबरोबर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश ठेवा. ‘हिरवे क्षेत्र’ हा शब्द दिसला तर हटकून हरकत घ्या, कारण विकतच्या लॉननेही तो पुरा होतो. ‘मूळ वनस्पती जागेवरच राखावी’ असं वाक्य मागा आणि स्थानिक प्रजातींची यादी परिशिष्टात जोडायला लावा. तण काढण्याच्या नियमातून या यादीला सूट हवी, नाहीतर राखलेला माळच कुणीतरी ‘साफ’ करून टाकेल.

नियमातून सवलत देणारं कलम बहुधा शेवटी असतं, तेही वाचा. सवलत कोण देणार, आणि त्याआधी जाहीर सूचना निघणार का?

हरकत लेखी द्या: कलमाचा क्रमांक, आत्ताचं वाक्य, त्याखाली तुम्हाला हवं असलेलं वाक्य. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. सुनावणीला जाताना ती प्रत आणि माळाचे फोटो बरोबर असू द्या.