राजे-राण्यांच्या भाषणांतलं ‘आपण’: लघुप्रबंध करणाऱ्यांसाठी

राजे-राण्यांच्या जाहीर भाषणांतली रूपकं आणि राष्ट्राची ओळख हा विषय मी एम.ए.च्या लघुप्रबंधाला घेतला, तेव्हा नाशिकमध्ये बसून हे कसं जमणार, असं बऱ्याच जणांनी विचारलं. जमतं. ब्रिटन आणि नॉर्वेच्या राजघराण्यांची भाषणं त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर मिळतात.

भाषणं निवडताना मात्र घाई करू नका. ब्रिटिश संसदेच्या अधिवेशनारंभी राजा जे वाचतो, ते सरकारने लिहिलेलं असतं. ते वेगळं ठेवा. नाताळचा संदेश जास्त उपयोगाचा, पण तोही स्वतःच्या हातचा असतोच असं नाही. पंचम जॉर्ज यांचा 1932 चा पहिला संदेश रुडयार्ड किपलिंग यांनी लिहून दिला होता. म्हणून राजाच्या मनात काय होतं, या प्रश्नात शिरू नका. ऐकणाऱ्यांसमोर कोणतं राष्ट्र उभं केलं जातंय, तेवढं पाहा.

एक्सेलमध्ये साधा तक्ता करा: तारीख, ठिकाण, वाक्य, रूपक. आणि शेवटचा रकाना ‘यात कोण येतं, कोण नाही?’ असा ठेवा. सगळी मेहनत या रकान्यात आहे.

उदाहरणार्थ, 21 एप्रिल 1947, केपटाउन. एकविसाव्या वाढदिवशी राजकन्या एलिझाबेथ यांनी रेडिओवरून आपलं आयुष्य ‘आपण सारे ज्याचे आहोत त्या थोर साम्राज्य-कुटुंबाच्या’ सेवेला वाहिलं. माझ्या तक्त्यातल्या या ओळीशेजारी मार्गदर्शक मॅडमनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘या घरात कर्ता कोण?’ कुटुंब म्हटलं की थोरले-धाकटे आले, आणि धाकट्यांनी ऐकायचं हेही ओघाने आलं. भारत चारच महिन्यांत स्वतंत्र होणार होता. ज्या दक्षिण आफ्रिकेतून त्या बोलत होत्या, तिथल्या बहुतांश कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार नव्हता. तरी शब्द ‘आपण सारे’!

आता 1953 चा नाताळ घ्या. राणी झालेल्या एलिझाबेथ ऑकलंडहून सांगतात की राष्ट्रकुलाचं जुन्या साम्राज्यांशी काहीच साम्य नाही, ही राष्ट्रांची आणि वंशांची समान भागीदारी आहे. मधल्या काळात, 1949 च्या लंडन जाहीरनाम्याने, प्रजासत्ताक होऊ घातलेल्या भारताला राष्ट्रकुलात राहण्याची वाट मोकळी झाली होती. भागीदार उठून जाऊ शकतो, धाकटा भाऊ तसा जाऊ शकत नाही. तारखा शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक दिसत नाही.

मला सगळ्यात भावलेलं भाषण नॉर्वेचे राजे पाचवे हाराल्ड यांचं, 1 सप्टेंबर 2016 चं. नॉर्वेजियन लोक अफगाणिस्तान, पाकिस्तान, पोलंडहूनही आले आहेत, असं ते म्हणतात, आणि लगेच सांगतात की आपले आजी-आजोबाही डेन्मार्क आणि इंग्लंडहून इथे आले. जिथे मन, तिथे घर. राजाच स्वतःला स्थलांतरितांचा नातू म्हणवतो, तेव्हा रक्ताच्या नात्यावर उभं राहिलेलं राष्ट्राचं रूपक आतून सैल होतं. शेवटच्या रकान्यात मी इथे अर्धं पान लिहिलं.

इंग्रजीचं दडपण वाटत असेल, तर सयाजीराव गायकवाड घ्या. ते आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. त्यांची भाषणं पुस्तकरूपाने छापलेली आहेत. सार्वजनिक वाचनालयात आधी चौकशी करा. इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखालचा संस्थानिक ‘आपला देश’ म्हणतो, तेव्हा त्याला बडोदा अभिप्रेत असतं की हिंदुस्थान, हा प्रश्न एका लघुप्रबंधाला पुरून उरेल.