कागद आधी, काम नंतर : बेळगाव सीमाभागातील सरकारी कंत्राटदारांसाठी

सरकारी कामाचे देयक अडकते, तेव्हा त्याचे कारण बहुतेक वेळा रस्त्यावरच्या खडीत नसते. ते फाइलमध्ये नसलेल्या एखाद्या कागदात असते. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातील मराठी कंत्राटदारांच्या फाइली मी बरीच वर्षे हाताळतो आहे. उत्तम काम करूनही दोन-दोन वर्षे पैशांची वाट पाहणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्यावर ही वेळ टळावी म्हणून काम घेण्यापासून वाद सोडवण्यापर्यंत काय सांभाळावे, ते येथे लिहीत आहे.

कायदा कोणाचा, हे आधी ठरवावे

सीमाभागात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. सार्वजनिक बांधकाम खाते, पंचायत राज अभियांत्रिकी विभाग, कर्नाटक नीरावरी निगम आणि महानगरपालिका यांच्या निविदांना कर्नाटकाचा सार्वजनिक खरेदी पारदर्शकता अधिनियम, १९९९ लागू होतो. सगळे त्याला केटीपीपी म्हणतात, आणि त्याखालील नियम २००० सालचे आहेत. पण त्याच बेळगाव शहरातील कॅन्टोन्मेंट, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, सांबऱ्याचा हवाई दलाचा तळ किंवा रेल्वे यांचे काम घेतले, तर केंद्राचे नियम येतात. तेथे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आणि केंद्राची संकेतस्थळे पाहावी लागतात. केटीपीपीच्या कलम १६ नुसार निविदा स्वीकारण्याच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. कॅन्टोन्मेंटच्या निविदेत डावलले गेल्यावर हे कलम उपयोगी पडत नाही, आणि ते तेव्हाच कळले तर मधले दिवस वाया जातात.

चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलच्या कंत्राटदाराने कर्नाटकात निविदा भरताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. महाराष्ट्रातील वर्गवार नोंदणी येथे चालेलच असे नाही, म्हणून पात्रतेची अट शब्दशः वाचावी. दुसरी गोष्ट आरक्षणाची आहे. कर्नाटकात ठराविक रकमेपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जातींसाठी १७.१५ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी ६.९५ टक्के कामे राखीव असतात. ही रकमेची मर्यादा आधी ५० लाख होती आणि नंतर ती वाढवण्यात आली. जात किंवा जमातीचा दर्जा मात्र राज्यापुरता असतो. महाराष्ट्रातील दाखल्यावर कर्नाटकातील राखीव काम मागता येत नाही, मग दोन्ही गावांमध्ये फक्त एक ओढा असला तरी फरक पडत नाही.

न वाचलेल्या कागदावर सही करू नये

निविदेच्या अटी इंग्रजीत असतात, आणि पत्रव्यवहार, नोटिसा व प्रतिज्ञापत्रे बहुतेक कन्नडमध्ये. आपल्यापैकी अनेकांना कन्नड उत्तम बोलता येते, पण कार्यालयीन कन्नड वाचताना अडते. ही लाजेची गोष्ट नाही. मात्र समजले नाही म्हणून समोरचा सांगतो त्यावर विश्वास ठेवून सही करणे धोक्याचे आहे, कारण मला ती भाषा वाचता येत नव्हती हा बचाव न्यायालयात टिकत नाही. मोजमाप पुस्तक म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवण्याची सरकारी वही, आणि तिच्यावरील सही म्हणजे त्यातील मापे मान्य असल्याची कबुली. माप कमी लिहिले असेल, तर त्याच जागी ‘आक्षेपासह’ असे लिहून सही करावी आणि त्याच आठवड्यात लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. विश्वासाच्या माणसाकडून प्रत्येक कन्नड नोटिशीचा मराठी मजकूर करून घेण्याचा खर्च देयकाच्या तुलनेत किरकोळ असतो. ज्यांचे स्वतःचे कार्यालय आहे, त्यांनी दारावरच्या फलकाकडेही लक्ष द्यावे, कारण कन्नड भाषेच्या राज्य कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनुसार व्यावसायिक फलकावर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते.

कार्यादेशाशिवाय एक टोपलीही टाकू नये

ही सूचना मी सर्वांत वर मांडतो. गावची जत्रा जवळ आली आहे, पुढारी येणार आहेत, कार्यादेश (वर्क ऑर्डर) मागाहून मिळेल, असे सांगून काम सुरू करायला लावले जाते, आणि गावचा मुलगा म्हणून कंत्राटदार नाही म्हणू शकत नाही. एप्रिल २०२२ मध्ये बेळगावच्या एका कंत्राटदाराचा उडुपीत मृत्यू झाला. हिंडलग्यात केलेल्या कामांचे पैसे त्याला मिळाले नव्हते, आणि त्या कामांसाठी कार्यादेशच दिलेला नव्हता, अशी भूमिका शासनाने घेतली. त्या प्रकरणाचे राजकारण सर्वांना ठाऊक आहे. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने त्यातून घ्यायची गोष्ट एवढीच, की तोंडी आश्वासनाला सरकारी तिजोरीत किंमत नसते.

कायद्याची बाजू अशी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ नुसार शासनाचा करार राज्यपालांच्या नावाने, अधिकृत अधिकाऱ्याने आणि ठरलेल्या पद्धतीनेच व्हावा लागतो. तसा करार नसताना काम झाले आणि शासनाने त्याचा लाभ घेतला, तर भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७० खाली वाजवी मोबदला मागता येतो. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मोंडल या डिसेंबर १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले आहे. पण त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो, काम झाले आणि ते स्वीकारले गेले हे सिद्ध करावे लागते, आणि तोवर सावकाराचे व्याज थांबत नाही. कलम ७० चा आधार आहे म्हणून कार्यादेशाशिवाय काम घ्यावे, असे कोणी सांगितल्यास ते ऐकू नये.

जादा कामाचेही तसेच आहे. अभियंत्याने साइटवर उभे राहून मोरी दोन मीटर वाढवायला सांगितली, तर त्याच संध्याकाळी त्यांच्या नावे पत्र लिहावे : ‘आज आपण दिलेल्या तोंडी सूचनेनुसार हे काम करीत आहोत, लेखी मंजुरी व दर कळवावा.’ उत्तर आले नाही तरी पोच आपल्याकडे राहते. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी आणि कारणाच्या पुराव्यासह द्यावा. बँक हमीची तारीख मुदतवाढीबरोबर पुढे न्यायला बरेच जण विसरतात, म्हणून ती तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहावी.

खानापुरातील जमीन आणि गौण खनिज

खानापूर तालुक्याचा मोठा भाग जंगलाचा आहे आणि भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. डोळ्यांना मोकळी दिसणारी जमीन कागदावर वनजमीन असू शकते, आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार पूर्वपरवानगीशिवाय तिच्यावर रस्ता रुंद करता येत नाही. परवानगी मिळवण्याची जबाबदारी विभागाची असली, तरी जप्त होतो तो कंत्राटदाराचा जेसीबी. जागा निर्वेध ताब्यात दिल्याचे पत्र घेतल्याशिवाय यंत्र आत नेऊ नये.

खडी, मुरूम, वाळू आणि जांभा यांच्या प्रत्येक खेपेबरोबर खाण खात्याचा वाहतूक परवाना लागतो, आणि तो जपून ठेवावा लागतो. परवाने जोडले नाहीत, तर स्वामित्वधन (रॉयल्टी) देयकातून कापले जाते, मग ते खाणवाल्याने आधीच भरलेले असले तरी. घटप्रभा किंवा मलप्रभेच्या पात्रातून रात्री आलेल्या वाळूला परवाना नसतो, म्हणून ती स्वस्त वाटली तरी देयकाच्या दिवशी महाग पडते. निपाणीकडे माल कोल्हापूर बाजूने येत असेल, तर महाराष्ट्राचा परवाना कर्नाटकात कसा मान्य होतो, हे खाण कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल कोगनोळीची सीमा ओलांडणार असेल, तर ई-वे बिलही लागते.

दर भरताना कपातींचा हिशेब

दहा लाखांचे देयक, जीएसटी वेगळा धरून, व्यक्तिगत नावावर असेल, तर प्राप्तिकराची १ टक्का कपात म्हणजे १० हजार, जीएसटीची २ टक्के उगमकपात (टीडीएस) म्हणजे २० हजार आणि बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का म्हणजे आणखी १० हजार कापले जातात. भागीदारी संस्थेला प्राप्तिकराची कपात २ टक्के होते. यातील प्राप्तिकर आणि जीएसटीची कपात आपल्या नावावर जमा होते, उपकर मात्र परत येत नाही, म्हणून तो दरात धरलाच पाहिजे. जीएसटीची उगमकपात अडीच लाखांवरील करारांना लागू आहे. ती आपोआप खात्यात येत नाही. जीएसटी संकेतस्थळावर जाऊन ती स्वीकारावी लागते, मगच ती रोख खात्यात दिसते. वर्षानुवर्षे ही रक्कम न स्वीकारलेले लोक मला भेटले आहेत, आणि ती रक्कम थोडी नव्हती.

शासनाच्या बांधकाम ठेक्यांवरील जीएसटीचा दर जुलै २०२२ पासून १८ टक्के आहे. निविदेतील दर कर धरून आहे की कर वगळून, हे पाहिल्याशिवाय एकही आकडा भरू नये. बीजक कधी काढायचे यातही चूक होते. पैसे देण्याची तारीख करारातून निश्चित होत असेल, तर त्या तारखेपर्यंत. ती निश्चित होत नसेल, तर पैसे मिळताना किंवा त्याआधी. आणि पैसे कामाच्या टप्प्याशी बांधलेले असतील, तर टप्पा पूर्ण होताच बीजक काढावे लागते. पैसे न येताच कर भरावा लागू नये, यासाठी करारातील देयकाचे कलम सनदी लेखापालाला दाखवून घ्यावे. महाराष्ट्राच्या जीएसटी क्रमांकावर काम करणाऱ्याने बेळगाव जिल्ह्यात साइट कार्यालय थाटले, तर कर्नाटकाची वेगळी जीएसटी नोंदणी बहुधा घ्यावी लागते.

मजूर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. कंत्राटी मजुरांच्या परवान्याची जुनी २० ची मर्यादा नव्या संहितेत ५० झाली आहे. निविदेच्या मसुद्यात जुन्या कायद्यांची नावे असतील, तर ती करारातील अट म्हणून मागितली जातात, म्हणून विभागाला लेखी विचारावे. भविष्यनिर्वाह निधी २० कामगारांपासून आणि कर्मचारी विमा १० पासून लागू होतो. दोन्हींचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करावा लागतो, आणि त्यांची चलने देयकासोबत मागितली जातात.

चंदगडहून खानापूरला रोज दुचाकीवर येणारा गवंडी आपल्याला शेजारचा वाटतो, पण तो दुसऱ्या राज्यातून आलेला कामगार आहे. संहितेत आंतरराज्य कामगारांची तरतूद असे १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते. त्याला किमान वेतन काम जेथे चालते तेथल्या, म्हणजे कर्नाटकाच्या दराने द्यावे लागते. हजेरीपटावर अंगठा आणि बँकेतून पगार, एवढी शिस्त पाळली तर अपघाताच्या वेळी कामगाराच्या घरालाही भरपाई मिळते. मजुरांच्या बाबतीत माझ्या मते हे सर्वांत आधी सांभाळायला हवे.

दुसऱ्याचे लायसन्स, रिंग आणि लाच

नात्यातल्या माणसाच्या लायसन्सवर काम घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यात करकपातीचा लाभ लायसन्सधारकाच्या नावावर जातो, अनुभवाचा दाखला त्याला मिळतो, आणि मजूर जखमी झाला की तोही अडकतो. बहुतेक करारांत परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देणे हेच करार रद्द करण्याचे कारण असते. तिघांनी मिळून दर ठरवून ‘सपोर्ट’ निविदा भरणे, म्हणजेच रिंग करणे, हे स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ खाली संगनमत ठरते, आणि एकाच संगणकावरून भरलेल्या निविदा ओळखल्या जातात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. सक्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण मिळते. कर्नाटकात ही तक्रार लोकायुक्तांच्या पोलिसांकडे करावी.

वाद झाला तर

काळ्या यादीत टाकण्याची नोटीस आली, तर तिच्यात तीच कारवाई प्रस्तावित आहे असे स्पष्ट लिहिले आहे का, किंवा मजकुरातून ते स्पष्ट कळते का, ते पाहावे. तसे नसेल तर आदेश टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गोरखा सिक्युरिटी प्रकरणात २०१४ मध्ये सांगितले आहे. उत्तर मात्र मुदतीतच द्यावे. देयक का अडले हे कळत नसेल, तर माहिती अधिकारात मोजमाप पुस्तक आणि टिपणीच्या प्रती मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. लघुउद्योगांच्या उद्यम नोंदणीवर ४५ दिवसांत पैसे आणि उशिरासाठी बँकदराच्या तिप्पट व्याज मिळण्याची तरतूद माल आणि सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे. बांधकामाच्या ठेक्यांना ती लागू होत नाही, असे काही उच्च न्यायालयांनी म्हटले आहे, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये.

दावा लावायचा असेल, तर शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते, आणि पैशाच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते. रिट याचिका बेळगाव जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात दाखल होते. तेथे जाताना वकिलाला पहिल्या दिवशीच कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची प्रत, दिलेल्या प्रत्येक पत्राची पोच आणि बँकेचा उतारा तारखेच्या क्रमाने लावून द्यावा.