स्वस्त लॅपटॉप रोजच्या कामाला लावताय? या चुका टाळा

कराडला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की नवे लॅपटॉप घेतले जातात आणि दिवाळीच्या सुमारास त्यातले बरेचसे माझ्या टेबलावर येतात. तक्रार ठरलेली: "स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या." वीस-पंचवीस हजारांचा लॅपटॉप टाकाऊ असतो असं मी मानत नाही. टायपिंग, एक्सेल, ऑनलाइन फॉर्म, लेक्चर, मीटिंग हे सगळं त्यावर चार-पाच वर्षं नीट होतं. माझ्या दुकानाची बिलं अशाच एका मशीनवर निघतात. पण त्याचा जीव केवढा आहे ते घेतानाच ओळखावं लागतं, आणि तिथेच बहुतेकजण चुकतात.

प्रोसेसर विचारला, डिस्क विचारलीच नाही

"आय-फाइव्ह आहे का?" दुकानात गेल्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच. आय-फाइव्ह हे नाव 2009 पासून चालत आलंय, त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. 2015 चा आय-फाइव्ह 6200यू दोन कोरचा, म्हणजे काम करणाऱ्या दोन भागांचा आहे. 2023 चा इंटेल एन-100 हा स्वस्तातला प्रोसेसर चार कोरचा आहे आणि रोजच्या कामात त्या जुन्या आय-फाइव्हला मागे टाकतो. तरी लोक स्टिकर बघून जुना उचलतात.

खरा प्रश्न डिस्कचा. स्वस्त लॅपटॉपमध्ये तीन प्रकार सापडतात: जुनी फिरणारी हार्ड डिस्क, ईएमएमसी आणि एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क. ईएमएमसी म्हणजे स्वस्त मोबाइलमध्ये असते त्या जातीची मेमरी, मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच, डाग देऊन बसवलेली. ती बदलता येत नाही. बहुतेक वेळा 64 जीबीची असते आणि विंडोजमध्ये दिसताना साठच्या आतच दिसते. त्यातली निम्मी जागा विंडोज आणि त्याची अपडेट्स खातात. उरलेल्या जागेत अख्खं घर चालवायचं.

पाटणकडची एक मुलगी असा लॅपटॉप घेऊन आली होती. इंजिनिअरिंग डिप्लोमाला होती, वडिलांनी हप्त्यावर घेऊन दिलेला. आठ महिन्यांत एका दुकानदाराने तो तीनदा फॉरमॅट केला होता आणि तिन्ही वेळा पैसे घेतले होते. प्रत्येक वेळी दोन आठवडे बरा चालायचा, मग पुन्हा तेच. मी सी ड्राइव्ह उघडला, तर एक जीबीसुद्धा जागा शिल्लक नव्हती. डाउनलोड्समध्ये एकाच नोट्सच्या पाच-पाच प्रती, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ, आणि वर विंडोजचं अपडेट. ते रोज उतरायला लागायचं, जागा नाही म्हणून अर्ध्यात पडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. मशीन दिवसभर त्यातच दमत होतं. तीन वेळा पैसे घेणाऱ्याने एकदा तरी सी ड्राइव्ह उघडून बघायला हवा होता, याचा मला आजही राग येतो.

मागचं झाकण काढलं तर आत एम-टूचा, म्हणजे एसएसडी बसवायचा, रिकामा स्लॉट निघाला. अशा काही मॉडेलमध्ये तो असतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. 256 जीबीची एसएसडी बसवली, विंडोज त्यावर टाकलं आणि जुनी ईएमएमसी फाइली ठेवायला मोकळी केली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिने त्याच लॅपटॉपवर पुरा केला.

म्हणून घेताना विचारायचं ते एवढं: डिस्क एसएसडी आहे का, बदलता येते का, रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी, डाग दिलेली आहे की स्लॉट आहे. दुकानदाराला सांगता आलं नाही तर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि घरी येऊन शोधा. चार जीबी रॅम आणि स्लॉट नाही, असं असेल तर कितीही सूट मिळो, घेऊ नका. विंडोज 11 ला किमान चार जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, पण एवढ्यावर ते फक्त चालू होतं. काम करायचं तर आठ जीबी रॅम हवीच.

घरात आधीच ईएमएमसीवाला असेल तर माझी सवय सांगतो. सी ड्राइव्हमध्ये पंधरा जीबी कायम मोकळी ठेवायची. दर रविवारी डाउनलोड्स रिकामं करायचं. सेटिंगमध्ये नको असलेल्या फाइली आपोआप काढणारा स्टोरेज सेन्स चालू करायचा.

आजारपण काहीही असो, औषध फॉरमॅट

फॉरमॅट हे शेवटचं औषध. माझ्याकडे मशीन आलं की मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडतो आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयूखालचा अप टाइम, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे तो आकडा, वाचतो. कित्येकदा तिथे वीस-पंचवीस दिवस दिसतात. मालक म्हणतो, "दादा, मी तर रोज रात्री बंद करतो." तो खरंच बोलत असतो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर आतला गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. निम्मी गिऱ्हाइकं मी एवढं करूनच, पैसे न घेता परत पाठवली आहेत.

त्यानंतर स्टार्टअप अ‍ॅप्स. मशीन चालू होताच उठून बसणारी सात-आठ सॉफ्टवेअर तिथे असतात. मी टचपॅडचं आणि आवाजाचं सोडून बाकी बहुतेक सगळी बंद करतो. दोन अँटिव्हायरस असतील तर दोन्ही काढतो, विंडोजचा डिफेंडर पुरतो. "पीसी बूस्टर", "क्लीनर" असलं काही दिसलं तर तेही काढतो. या सॉफ्टवेअरने मशीन वेगवान झालेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

आणि नवीन लॅपटॉप पहिल्या दिवशी संथच असतो, हे कृपा करून लक्षात ठेवा. पाठीमागे अपडेट्स उतरत असतात, फाइलींची अनुक्रमणिका बनत असते. चार्जर लावून एक रात्र त्याला तसाच राहू द्या. लोक दुसऱ्याच दिवशी घाबरून येतात. त्याहून वाईट म्हणजे, अपडेटची टक्केवारी हलत नाही म्हणून पॉवरचं बटण दाबून धरतात. स्वस्त मशीनवर मोठ्या अपडेटला तास-दीड तास लागू शकतो. तेवढा धीर धरवत नसेल तर ते रात्री जेवणं झाल्यावर लावा, पण मध्येच बंद करू नका.

लॅपटॉप तुमचा, खातं दुसऱ्याचं

या चुकीपायी मी लोकांना रडताना पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बचत गटांच्या उमेद या सरकारी अभियानात सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करणाऱ्या एक ताई आल्या. सकाळी लॅपटॉपचं काहीतरी अपडेट झालं आणि पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागणारी निळी पाटी आली. आत दीड वर्षाचे बचत गटांचे हिशेब, बैठकांची इतिवृत्तं, कर्जाचे प्रस्ताव. "भाऊ, किती पण वेळ लागू दे, पण तेवढं काढून द्या," म्हणाल्या.

विंडोज 11 च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. त्या कुलपाची किल्ली, म्हणजे ते 48 आकडे, त्याच खात्यात साठवली जाते. एरवी काही जाणवत नाही. पण बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये कुणी खुडबूड केली, की लॅपटॉप किल्ली मागू शकतो. मी विचारलं, "खातं कुणाचं?" ताईंना माहीत नव्हतं. ज्या दुकानातून घेतला तिथल्या मुलाने "ताई, पटकन करून देतो" म्हणत स्वतःचाच ईमेल टाकला होता. फोन केला तर तो मुलगा काम सोडून गेलेला, नवा नंबर कुणाकडे नाही.

किल्लीशिवाय ती डिस्क कुणालाही उघडता येत नाही. मलाही आली नाही. पैसे घेऊन काढून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. मी ताईंना खरं ते सांगितलं आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर दोघांनी बसून शोधाशोध केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पाठवलेल्या पीडीएफ आणि बँकेला केलेल्या मेलमधले प्रस्ताव मिळाले. उरलेलं सगळं त्यांनी आणि त्यांच्या मुलीने वह्यांवरून पुन्हा टाइप केलं. त्यात दोन महिने गेले. आता त्यांच्या स्वतःच्या खात्यावर लॅपटॉप चालतो, आणि किल्लीचा छापील कागद रेशनकार्डाच्या पिशवीत असतो.

तेव्हापासून माझ्या दुकानात नियम आहे. सेटअप करताना मालक समोर बसलेला हवा, ईमेल त्याचाच आणि पासवर्ड त्यानेच टाकायचा. "तुम्हीच करून ठेवा, मी तासाभराने येतो," असं कुणी म्हणालं तर मी लॅपटॉप तसाच बंद ठेवतो. रिकव्हरी कीचा कागद मी लगेच छापून बिलाला टाचतो. आणि बॅकअपसाठी एक्स्टर्नल डिस्क परवडत नसेल तर निदान महत्त्वाचं फोल्डर महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घ्या.

बाकीच्या, थोडक्यात

पायरेटेड विंडोज चालू करायला अ‍ॅक्टिव्हेटर टाकू नका. तो चालवण्यासाठी आधी डिफेंडर बंद करायला सांगतात, म्हणजे दार उघडं ठेवून चोराला हाक मारण्यासारखं आहे.

झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेन ड्राइव्ह घरी आणून तसाच उघडू नका. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यांवर क्लिक अजिबात करू नका. प्रिंट काढायची असेल तर मी पीडीएफ मेल करतो.

चार्जर डुप्लिकेट घेऊ नका. काही लॅपटॉपांच्या चार्जरच्या पिनेत मधोमध बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉपला चार्जर ओळखीचा आहे की नाही ते कळतं. ओळख पटली नाही तर बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरचा वेगही उतरतो. अशी "स्लो" झालेली कितीतरी मशीन मी नुसता चार्जर बदलून दिली आहेत.

टचपॅड वर आल्यासारखं वाटतंय, क्लिक होत नाहीये? बॅटरी फुगली असणार. त्याच दिवशी बंद करा आणि बदलून घ्या. दाबून बसवायला जाऊ नका.

गोधडीवर ठेवून वापरू नका, खालची हवेची जाळी बंद होते. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका. स्वस्त लॅपटॉपच्या बिजागऱ्या प्लास्टिकमध्ये बसवलेल्या असतात आणि त्या तिथूनच उखडतात.

मराठी टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, करा. जुन्या फॉन्टमधला अर्ज दुसऱ्याच्या मशीनवर उघडला की नुसती चिन्हं दिसतात.

सेकंडहँड घेत असाल तर प्रोसेसरचा पूर्ण नंबर वाचा. इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा घ्या, म्हणजे आय-फाइव्ह 8250यू किंवा त्यानंतरचा. त्याआधीच्या जवळजवळ सगळ्या प्रोसेसरना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विकणाऱ्याने विंडोज 11 चालवून दाखवलं म्हणजे ते रीतसर आहे असं नाही.

घरात असा जुना लॅपटॉप पडून असेल तर भंगारात देऊ नका. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि त्यावर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. ब्राउझर, पत्रं, हिशेब, व्हिडिओ एवढंच काम असेल तर चार जीबी रॅमवरही ती बरी चालते. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतायत अशी खात्री झाली की मगच डिस्कवर टाका. डिजिटल सहीचा डोंगल, टॅली किंवा मराठी टायपिंगचं श्रीलिपी रोज लागत असेल तर मात्र विंडोजवालाच लॅपटॉप घ्या.