स्वमग्न मुलांसाठी झोपेचे ॲप वापरताना या चुका टाळा

मालवण परिसरात विशेष शिक्षिका म्हणून घरोघरी जाताना एक चूक मला सर्वांत जास्त दिसते: पालक स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलासाठी गोष्टी ऐकवून झोपवणारे ॲप डाउनलोड करतात आणि फोन थेट मुलाच्या हातात देतात. पडद्याचा उजेड डोळ्यांवर पडत राहिला की झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक शरीरात उशिरा स्रवते, आणि बऱ्याच स्वमग्न मुलांमध्ये त्याचे चक्र मुळातच अनियमित असते. फोन दूरच्या फळीवर पालथा ठेवावा; मुलाने फक्त ऐकावे.

दुसरी चूक माझ्याच हातून घडली. सात वर्षांच्या एका मुलासाठी मी गोष्ट निवडून दिली, पण ती इंटरनेटवरून चालते हे तपासले नाही. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात वीज गेली, वायफाय बंद पडले, पंखा थांबला आणि गोष्ट ‘कासव वाळूतून वर आले आणि’ इथेच तुटली. पुढचे शब्द त्याला पाठ होते, पण ते त्याच आवाजात हवे होते. आईने म्हणून पाहिले तेव्हा त्याने कान घट्ट दाबले आणि पहाटे तीनपर्यंत खाटेच्या कडेवर बसून तेवढेच शब्द तो म्हणत राहिला. तेव्हापासून फोन एअरप्लेन मोडवर टाकून पूर्ण गोष्ट स्वतः ऐकल्याशिवाय मी कोणतेही ॲप सुचवत नाही. मध्येच जाहिरात वाजली, तर ते ॲप मी तिथल्या तिथे काढून टाकते. वीज गेल्यावर पंख्याचा ओळखीचा आवाजही थांबतो, म्हणून घरातल्या पंख्याची घरघरही फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवायला सांगते.

तीन रात्रींत फरक दिसला नाही म्हणून चौथ्या रात्री नवे ॲप घेणाऱ्या पालकांचे जागरण मला कळते, पण ही घाई मला मुळीच पटत नाही. जेवण, दात घासणे, अंथरूण, गोष्ट हा क्रम चित्रे लावून किमान दोन आठवडे तसाच ठेवावा. गणपतीत घर पाहुण्यांनी भरले, तरी मुलाची जागा आणि चादर बदलू नये.

अकराला झोपणाऱ्या मुलाला नऊ वाजता अंथरुणावर अडकवू नये. आधी अकराच्या सुमारासच निजवून, झोप लवकर लागू लागली की वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी.

घोरणे, बद्धकोष्ठता किंवा झोपेत झटके येत असतील, तर ॲपच्या आधी डॉक्टरांना दाखवावे. मेलाटोनिनच्या गोळ्या परस्पर आणून देऊ नयेत.