जुनी क्ले शॉटगन घेताय? वय ठरवताना या चुका टाळा

मित्राने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'तेरा बोअरची दुनळी मिळतेय, फार दुर्मिळ आहे म्हणे. घेऊ का?' नळीच्या तळाशी, चेंबरखालच्या (काडतूस बसतं त्या जागेखालच्या) चपट्या भागावर, खरोखरच '१३' असा ठसा होता. बंदूक मात्र साधी बारा बोअरची. १९५४ पूर्वीच्या ब्रिटिश प्रूफपद्धतीत, म्हणजे नळीची दाबाची चाचणी घेऊन शिक्के मारण्याच्या पद्धतीत, नळीचा आतला व्यास असाच लिहीत. १२ म्हणजे ०.७२९ इंच, १३/१ म्हणजे ०.७१९ आणि १३ म्हणजे ०.७१०. काडतूस बाराचंच, चेंबर बाराचं, फक्त नळी जरा घट्ट ठेवलेली. त्यात दुर्मिळ काही नव्हतं. दुर्मिळ होती ती सांगितलेली किंमत.

त्या आकड्याचा उपयोग होता, पण वेगळ्या कामासाठी. त्याला म्हटलं, बोअर गेज, म्हणजे नळीचा आतला व्यास मोजायचं साधन, घेऊन जा आणि नळीच्या मागच्या तोंडापासून नऊ इंच आत माप. काय निघालं ते शेवटी सांगतो.

कोणताही शिक्का वाचण्याआधी बंदूक उघडा आणि दोन्ही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी पाहा. विकणारा 'रिकामीच आहे' म्हणाला तरी पाहा. नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अख्ख्या बंदुकीला एकच जन्मवर्ष आहे असं धरणं

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात. क्लेवर, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर, चालणारी बंदूक वर्षाला हजारो काडतुसं खाते. पन्नास वर्षांत तिची नळी बदलते, दस्ता कापला जातो, रिब (नळीवरची पट्टी) नवी बसते, चोक (नळीच्या तोंडाशी ठेवलेला अरुंदपणा) घासून मोकळा होतो. त्यामुळे रिसीव्हर (यंत्रणेचा मधला भाग), नळ्या, फोरएंड (नळीखालची पुढची पकड) आणि लाकूड यांची वर्षं वेगवेगळी काढायची आणि मग ती एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. सरळ 'ही १९५८ ची बंदूक' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, तिचा कोणता भाग?

रेमिंग्टनचं उदाहरण घ्या. नळीच्या डाव्या बाजूला, रिसीव्हरजवळ, दोन बारीक अक्षरं असतात. पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं. महिन्यांसाठी 'ब्लॅकपावडर' या इंग्रजी शब्दाची अकरा अक्षरं आधी येतात आणि शेवटी एक्स: बी म्हणजे जानेवारी, एल म्हणजे फेब्रुवारी, शेवटचा एक्स म्हणजे डिसेंबर. वर्षाची अक्षरं मात्र फिरून फिरून येतात. आर हे अक्षर १९२४ चंही आहे आणि १९६८ चंही. मॉडेल ८७० बाजारात आलं १९५० मध्ये, म्हणून त्यावरचा आर १९२४ चा असूच शकत नाही. इथवर बरेच जण नीट येतात आणि पुढे फसतात, कारण हा कोड नळीचा आहे. ८७० ची नळी मॅगझिनची टोपी फिरवली की हातात येते. १९६८ ची नळी त्याच वर्षीच्या रिसीव्हरवर आहे याची हमी कोड देत नाही.

विंचेस्टर मॉडेल १२ मध्ये रिसीव्हरच्या खालच्या बाजूचा नंबर आणि त्याला लागून नळीकडच्या भागावरचा नंबर एकच हवा. हे मॉडेल १९१२ मध्ये आलं तेव्हा नाव 'मॉडेल १९१२' होतं, पुढे १९१९ मध्ये नुसतं '१२' झालं. म्हणजे नळीवर नाव कसं लिहिलंय, हाही एक पुरावा झाला. या बंदुकांवर नंतर बाहेरून व्हेंटिलेटेड रिब बसवून घेणं ट्रॅप (क्ले नेमबाजीचा एक प्रकार) खेळणाऱ्यांमध्ये सर्रास होतं. नळीवरचा प्रूफचा शिक्का अर्धा रिबखाली दबलेला दिसला तर ती रिब कारखान्याची नाही. नेमबाजीला त्याने काही बिघडत नाही, पण 'मूळ ट्रॅप ग्रेड' म्हणून पैसे मोजू नका.

रिबवरचं नाव हाच कारखाना समजणं

चार्ल्स डॅली हे नाव याचा उत्तम नमुना. हा कारखाना नव्हताच, अमेरिकेत आयात करून विकण्याचा ब्रँड होता. महायुद्धांच्या आधीच्या डॅली बहुतेक जर्मनीतल्या सूल गावच्या. १९६३ ते १९७६ मधल्या जपानच्या मिरोकूच्या. त्यानंतर आणखी कुठकुठच्या. नाव एकच, पण बंदुका, सुटे भाग आणि किमती निरनिराळ्या. अमेरिकेतल्या इथाकानेही १९६० आणि ७० च्या दशकांत जपानच्या एसकेबीच्या आणि इटलीच्या पेराझीच्या बंदुका आपल्या नावाने विकल्या. 'इथाका' वाचून तिच्या अमेरिकी सिरियल यादीत नंबर शोधत बसलात, तर कुठलं तरी वर्ष सापडेलही, आणि ते साफ चुकीचं असेल.

ब्राउनिंग सुपरपोज्ड बेल्जियममध्ये एफएन या कारखान्याने बनवली, १९३१ पासून. १९७३ मध्ये आलेली सिटोरी मिरोकूची. दोन्हींवर 'ब्राउनिंग' ठळक असतं. मूळ देश नळीच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो आणि विकणाऱ्याच्या फोटोत नेमका तोच भाग नसतो. देशाचं नावही तारीख सांगतं: 'वेस्ट जर्मनी' लिहिलेली बंदूक १९४९ ते १९९० मधलीच असणार. जुन्या ब्रिटिश बंदुकांवर दुकानाचा पत्ता हेच काम करतो. लंडनच्या पर्डी कंपनीच्या रिबवर साउथ ऑड्ली स्ट्रीट हा पत्ता असेल तर ती नळी १८८२ च्या आधीची नाही.

प्रूफचं वर्ष आणि बनवल्याचं वर्ष यांची गल्लत

प्रूफ हाऊसचा शिक्का सांगतो की या नळीची जास्त दाबाची चाचणी अमुक नियमांखाली झाली. नवीन बंदुकीत ते वर्ष आणि बनवल्याचं वर्ष बहुधा जवळजवळ असतं. पण चेंबर लांब केला, नळी बदलली किंवा बंदूक दुसऱ्या देशात विकायला नेली की पुन्हा प्रूफ होतं. मग १९२० च्या दशकातल्या बंदुकीवर १९५४ नंतरचे, दाब टनांत लिहिलेले शिक्के दिसतात. शिक्क्यांचे दोन थर असतील तर जुना थर शोधा. तो बहुधा पॉलिशने पुसट झालेला असतो.

सगळ्यात सोपा इटलीचा शिक्का. गार्दोनेच्या प्रूफ हाऊसने चौकटीत रोमन आकडा दिला असेल, तर त्यात १९४४ मिळवा: रोमन २० म्हणजे १९६४. कधी रोमन वीसपुढे साधा ८ जोडलेला दिसतो, तो अठ्ठावीस, म्हणजे १९७२. १९७५ पासून दोन अक्षरं सुरू झाली, एए पासून. इथे बोटांवर मोजू नका, कारण मधली काही अक्षरं वगळली आहेत. एएफ १९८० चं, पण त्यापुढचं १९८१ चं अक्षर एएच आहे. तक्ता समोर ठेवूनच वाचा. बेरेट्टा, पेराझी, सगळ्यांना हाच तक्ता लागतो.

जर्मनीत युद्धानंतर अक्षरांनी आकडे लिहिले: ए शून्य, बी एक, असं करत आय आठ आणि, जे गाळून, के नऊ. म्हणजे एचबी १९७१. स्पेनमध्ये एइबारच्या प्रूफ हाऊसने १९२७ ला ए दिलं, १९५४ ला झेडवर पोहोचले आणि १९५५ ला ए१ पासून पुन्हा सुरुवात केली. बर्मिंगहॅमने १९२१ पासून एका बारीक चिन्हात वर्षाचं अक्षर दडवलं, ते भिंगाशिवाय सापडत नाही. त्याहून जुन्या ब्रिटिश नळ्यांवर शब्दच तारीख देतात. 'नॉट फॉर बॉल' असेल तर १८७५ ते १८८७. 'नायट्रो प्रूफ' असे पूर्ण शब्द असतील तर १८९६ ते १९०४.

आता गोंधळ कुठे होतो बघा. ब्राउनिंगचा नंतरचा स्वतःचा कोड उलट्या अक्षरांचा आहे: झेड एक, वाय दोन, एक्स तीन, डब्ल्यू चार, व्ही पाच, टी सहा, आर सात, पी आठ, एन नऊ, एम शून्य. म्हणून पीव्ही म्हणजे १९८५. त्याआधीच्या बारा बोअर सुपरपोज्डवर नंबरनंतर एस आणि वर्ष असतं, जसं एस६९. एका कंपनीचा तक्ता दुसऱ्या देशाच्या अक्षरांना लावला की हमखास घोटाळा होतो. आधी देश ठरवा, मग तक्ता उघडा.

दिसेल तो आकडा सिरियल नंबर

हे मी स्वतः केलंय. एका इटालियन बंदुकीवरचा '१३९०' हा नंबर समजून दोन संध्याकाळी यादी चाळली. तो नळ्यांचं वजन निघाला, १ किलो ३९० ग्रॅम, मधला स्वल्पविराम झिजून गेला होता. ब्रिटिश बंदुकांवर पेटंटच्या वापराचा क्रमांकही कोरलेला असतो, तोही फसवतो. खरा सिरियल नंबर सहसा अ‍ॅक्शन, नळ्या आणि फोरएंडचं लोखंड अशा तीन जागी सापडतो. तिन्ही जुळले तर बरं. फोरएंडचा वेगळा असेल तर ते कुणी तरी दुसऱ्या बंदुकीतून आणून बसवलंय.

नंबरच नसेल तर लगेच संशय घेऊ नका. अमेरिकेत प्रत्येक बंदुकीवर नंबर सक्तीचा झाला तो १९६८ च्या कायद्याने. त्याआधीच्या स्वस्त शॉटगन विनानंबर निघायच्या. मात्र नंबर होता आणि तो घासलाय असं दिसलं, तर हात जोडून तिथून निघा.

तारे मोजून चोक ठरवणं

बेरेट्टावर दोन तारे म्हणजे इम्प्रूव्हड मॉडिफाइड. ब्राउनिंगवर दोन तारे म्हणजे मॉडिफाइड, म्हणजे त्याहून मोकळा चोक. एवढं लक्षात ठेवलं तरी खूप झालं. शिवाय तारे कारखान्यातून निघतानाचे असतात, आजचा चोक मापूनच कळतो.

ट्रॅपची की स्कीटची, यावर पटकन शिक्का मारणं

लांब नळ्या, उंच सरळ दस्ता, घट्ट चोक म्हणजे ट्रॅप. आखूड नळ्या, मोकळा चोक म्हणजे स्कीट, हा क्लेचा दुसरा प्रकार. ठोकताळा म्हणून हे ठीक. पण जुन्या बंदुकीत आखूड नळी म्हणजे बहुतेकदा कापलेली नळी. दुनळीत तोंडाशी नळ्या एकमेकींना टेकलेल्या नसतील आणि मधली फट डाखाने किंवा धातूच्या तुकड्याने भरलेली असेल, तर पुढचे दोन-चार इंच आणि त्यांच्यासोबत चोक गेलेला आहे. १९६० च्या दशकातल्या बंदुकीत स्क्रूचे चोक दिसले तर तेही बहुधा नंतरचं काम.

खेळाचा इतिहासही कामाला येतो. 'स्कीट' हे नाव १९२६ मधल्या नाव सुचवण्याच्या स्पर्धेतून आलं, म्हणून १९२० च्या रिसीव्हरवर 'स्कीट' कोरलेली नळी असेल तर ती नंतर बसवलेली आहे. पेराझीची एमएक्स८ मेक्सिकोच्या १९६८ च्या ऑलिंपिकसाठी, इटालियन नेमबाज एन्नियो मात्तारेल्लीच्या मदतीने घडली. नावातला ८ तिथलाच. 'साठ सालची एमएक्स८' कुणी दाखवली तर हसू आवरा.

लाकडाकडे शेवटी बघणं

सुपरपोज्ड घेताना लाकूड आधी पाहा. साधारण १९६६ ते १९७२ या काळात मिठाने वाळवलेलं अक्रोडाचं लाकूड वापरलं गेलं, आणि ते आतून धातू खातं. दस्त्याचा मागचा पॅड काढून उघड्या लाकडावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात. तो पांढरा झाला तर मीठ आहे. बाहेरून लखलखीत आणि आत स्क्रूंना गंज, हे तिचं लक्षण. नंबरवरून वर्ष या पट्ट्यात येत असेल तर ही तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

वय कळलं, आता वाजवू या

ही चूक जीवावर बेतू शकते. जुन्या ब्रिटिश आणि युरोपीय बंदुकांचा चेंबर ६५ मिलिमीटरचा असू शकतो. ७० चं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण काडतुसावर लिहिलेली लांबी तोंड उघडल्यानंतरची असते. बसलं म्हणजे चालतं असं नाही. तोंड उघडायला जागा पुरली नाही की दाब वाढतो. चेंबर गेजने मापा. लिलीच्या फुलाचं प्रूफचिन्ह नसेल तर जोरदार स्टील काडतुसं नकोत. वळणदार नक्षी दिसणारी दमास्कस नळी, किंवा चेंबरपुढे दोन-तीन इंचांवर गोल फिरणारी केसाएवढी रेघ आणि 'स्लीव्हड' (जुनी नळी कापून पुढे नवी बसवलेली) असा ठसा दिसला, तर आधी जाणत्या गनस्मिथकडे. नळीच्या भिंतीची जाडी तोच मापू शकतो. ०.०२० इंचाच्या खाली गेली की बहुतेक जण मान हलवतात.

वर्षं जुळत नसतील तर

शिक्के वाचताना घासू नका, पॉलिश लावू नका. चपट्या भागावर खडू चोळा, पुसा आणि तिरक्या उजेडात फोटो काढा. ब्लूइंग (धातूवरचा निळा-काळा थर) काळंभोर आणि अक्षरांच्या कडा गोल झालेल्या असतील तर वरचा थर नंतरचा आहे. दुनळीला गरम क्षारांत बुडवून ब्लूइंग केलं असेल तर रिबचा डाख सैल झालाय का तेही वाजवून पाहा, नळ्या लटकवून टिचकी मारली की घंटेसारखा नाद यायला हवा. रिसीव्हर आणि नळ्यांत दोन-तीन वर्षांचं अंतर असेल तर घाबरू नका, कारखान्यात सुटे भाग पडून असतात. वीस वर्षांचं असेल तर नळी बदललीय, आणि भाव त्याप्रमाणे करा. मोठ्या ब्रिटिश कारखान्यांकडे विक्रीच्या जुन्या वह्या आहेत. एल. सी. स्मिथसारख्या अमेरिकी बंदुकांच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात आहेत. फी भरून पत्र मागवता येतं, आणि त्यात नळ्यांची मूळ लांबी लिहिलेली असली तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

त्या 'तेरा बोअर'मध्ये मित्राने गेज घातला. उजव्या नळीत ०.७१२ भरलं, डावीत ०.७२८. म्हणजे डावी नळी खड्डे घालवायला कुणी तरी आतून भरपूर घासली होती, आणि शिक्क्यावर मात्र दोन्हीकडे १३ होतं. त्याने बंदूक मिटली, विकणाऱ्याच्या हातात दिली आणि गेज खिशात टाकून बाहेर आला.